सणाच्या नऊ दिवसांचं पाणी

मीरा रोड,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

दादा,

आधी 'सप्रेम' लिहिलं होतं, मग तो कागद फाडून दुसरा घेतला.

दोन वर्षं तुझा फोन मला लागत नाही, म्हणून हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवतेय. नंतर तुला "मला माहीतच नव्हतं" असं म्हणता येऊ नये.

काल पेपरात जाहिरात आली. नव्या जलवाहिन्यांच्या आराखड्यावर हरकती मागवल्या आहेत, सुनावणी २७ मार्चला. मोठी वाहिनी हायवेकडच्या नव्या टॉवरांकडे जाणार आहे. उत्तनच्या बाजूच्या चौक गावाची वाहिनी यादीत नाही. कारण एका ओळीत दिलंय: 'शेवटच्या टोकाला दाब पुरेसा आढळला.' आधार, जानेवारी २०२३ची तुझ्या कंपनीची मोजणी. त्या अहवालाखाली तुझी सही, पूर्ण नावानिशी. मधलं नाव बाबांचं.

मला टॉवरवाल्यांचा राग नाही. त्यांनाही तहान लागते. पण त्यांच्याकडे जमिनीखाली टाक्या आहेत, पंप आहेत, लायनीच्या तोंडाशी बसून ते हवं तेवढं ओढून घेतात. चौकला दर तिसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं पाणी येतं, टेरेझा मावशींच्या शेवटच्या नळाला त्याहून कमी. विहीर खारी झालीय. आणि एकदा पाइप जमिनीत गाडला की पुढची तीस वर्षं तिथे कोणी खणत नाही, हे तू मला सांगायची गरज नाही. यावेळी चौकचं नाव आलं नाही तर टेरेझा मावशींच्या नातवंडांच्या वेळी येईल.

ती मोजणी कुठल्या दिवसांत झाली, ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. चौकच्या चर्चचा सण होता. सणाचे नऊ दिवस बाबा वरच्या दोन लायनींच्या पाण्याची चावी थोडी आवळायचे आणि चौकची रोज दोन तास जास्त उघडी ठेवायचे, पाहुणे येतात म्हणून. त्यांना हे त्यांच्या आधीच्या चावीवाल्याने, काशीनाथ काकांनी शिकवलं. हे कुठल्याही कागदावर नाही. नियमात तर नाहीच. वर्षातले तेवढेच नऊ दिवस चौकला माणसांसारखं पाणी मिळायचं आणि त्याच नऊ दिवसांत तुझे लॉगर तिथे दाब मोजत होते.

मग तुझा अहवाल आला. गाव ओरडतंय पाणी नाही, अहवाल म्हणतो दाब भरपूर. मग पाणी गेलं कुठे? चावीवाल्याने टँकरला विकलं! चौकशी बसली. बत्तीस वर्षं खांद्यावर चावी घेऊन हिंडलेल्या माणसाला शेवटचे आठ महिने रेकॉर्ड रूममध्ये स्टुलावर बसवलं. निवृत्तीच्या दिवशी नारळसुद्धा दिला नाही. बाबा नेहमीच्या वेळेला घरी आले आणि आईला म्हणाले, "चहा टाक, आज लवकर सुटलो." लवकर नव्हते सुटले. मी घड्याळ बघितलं होतं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. मोजणी चुकीच्या दिवसांत झाली, असं पाणीपुरवठा विभागाला लेखी कळव आणि अहवाल मागे घे. २७ मार्चच्या आत. नाही केलंस तर सुनावणीत मी उभी राहीन आणि तुझं नाव घेईन.

क्षितिजा

मीरा रोड,
रविवार, २ मार्च

दादा,

पोचपावती आली. सही वहिनीची, तारीख १३ फेब्रुवारी. म्हणजे पत्र घरात आहे. तुझं उत्तर नाही.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी चाळीस मिनिटं लिहिलं, ते ऐकीव होतं. बुधवारी सुट्टी काढून चौकला गेले आणि घड्याळ लावून मोजलं. शेवटच्या नळाला चोवीस मिनिटं, त्यातली पहिली नऊ नुसती हवा. चुकीचा आकडा तुझ्या हातात दिला म्हणून मला चैन पडत नव्हतं. आता बरोबर आहे.

टेरेझा मावशींनी मला लांबूनच ओळखलं. हंडा नळाखाली सरकवत म्हणाल्या, "कोन गो? दत्तारामची पोर ना? अजून त्याच खात्यात हाय?"

"आहे मावशी. कंत्राटावर."

"तुझ्या बापानं आमचं पानी टँकरला दिलं. तू कुनाला देतेस?"

रांगेतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "अगो, तिला कशाला बोलतेस? तिच्याकडं चावी तरी हाय काय?" पुन्हा हसल्या. मी हातात वही धरून उभी. नळ नुसता फुसफुसत होता.

तुला आठवतं का, याच बाई सणाला डबाभर तळलेले गोड फुगे पाठवायच्या आणि तू कोणाला देत नव्हतास? त्याच बाई चौकशीच्या वेळी आपल्या सोसायटीच्या गेटवर आल्या होत्या. वॉचमनसमोर, सगळ्या बिल्डिंगसमोर म्हणाल्या, "दत्ताराम, आमचं पानी इकलंस?" बाबा खाली उतरले नाहीत. खिडकीपाशी उभे राहिले आणि मग पडदा ओढला. तू तेव्हा पुण्यात होतास. तुला तो पडदा ओढल्याचा आवाज माहीत नाही.

परत आल्यावर मी बाबांकडे त्यांची डायरी मागितली. रोज कुठली चावी किती वाजता उघडली, किती आटे फिरवली, कधी बंद केली, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात आहे. माझं शाळेत नाव घालायच्या आधी मला आकडे त्या डायऱ्यांवरून शिकवले त्यांनी. मांडीवर बसवून विचारायचे, "भाईंदरची साडेसहाला उघडली, सव्वाआठला बंद. किती वेळ झाला?" चुकलं तर ओरडायचे नाहीत, पण उत्तर बरोबर आल्याशिवाय खाली उतरवायचे नाहीत.

"बाबा, जानेवारी तेवीसची डायरी द्या."

"कशाला?"

"सुनावणीला लावायचीय."

"तो तिथे बसणार ना?"

"हो."

"मग नको."

"तुम्हाला चोर म्हणाले, बाबा."

"म्हणू दे. मी रिटायर झालो. त्याचं अजून सगळं व्हायचंय."

मला तेव्हा कळलं. चौकशीत त्यांनी डायरी का दाखवली नाही, हे मला इतके दिवस कोडं होतं. मला वाटायचं नियम मोडला म्हणून घाबरले असतील. त्यांना मोजणी कोणाची होती ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डायरी उघडली असती तर ते सुटले असते आणि तू अडकला असतास. साठाव्या वर्षी त्यांनी चोरीचा शिक्का घेतला, कारण तुला नुकतं प्रमोशन मिळालं होतं.

कपाटाची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते आणि सदरा खुंटीवर. मी ती घेऊ शकते. घेणार नाही. न विचारता घेणं मला या घरात शिकवलं नाही. तू कुठे शिकलास ते मला माहीत नाही.

तुझ्याकडे पंचवीस दिवस आहेत.

क्षितिजा

मीरा रोड,
रविवार, १६ मार्च

दादा,

तुझं उत्तर कुरिअरने आलं. मी ते इथे उतरवून घेतेय, म्हणजे आपण काय बोललो यात पुढे गोंधळ नको:

'क्षितिजा, मोजणीच्या फॉर्मवर "पुरवठा नियमित" हा शेरा तुझ्या अक्षरात आहे. खाली सही तुझी आहे. प्रत माझ्याजवळ आहे. उभी राहण्याआधी विचार कर.'

खरं आहे. आधीच्या दोन पत्रांत मी हे लिहिलं नाही. विसरले नव्हते. मिनिटांची दुरुस्ती केली आणि ही तशीच ठेवली.

तर आता सगळं लिहिते. मी तेव्हा तुझ्या कंपनीत ट्रेनी होते, तूच लावलं होतंस. चौकला लॉगर बसवायला मला पाठवलं. मी तिथूनच तुला फोन केला. चर्चवर तोरणं लागली होती, बँडवाले तालीम करत होते, तुला मागे ऐकूही आलं असेल. मी म्हटलं, "दादा, इथे सण सुरू होतोय. बाबा चावी जास्त ठेवतात. आत्ता मोजलं तर खोटं येईल."

तू म्हणालास, "अगं, महिनाअखेरची डेडलाइन आहे. आत्ता लाव, एप्रिलमध्ये परत मोजू."

"शेऱ्यात काय लिहू?"

"पुरवठा नियमित. नाहीतर बाबा नियम मोडतात हे कागदावर येईल. तुला तेच हवंय का?"

मी लिहिलं. मला बाबांना वाचवायचं होतं. तुलाही नाराज करायचं नव्हतं. आणि एप्रिलवर मी विश्वास ठेवला. एप्रिलमध्ये तू चौकला गेला नाहीस, मेमध्ये अहवाल दिलास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "झालं ते झालं, आता उकरू नको." त्यानंतर तुझा फोन लागेनासा झाला. मी नोकरी सोडून विभागात कंत्राटावर लागले. बाबांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं तेव्हा मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होते. रोज डब्याच्या सुट्टीत खाली जाऊन त्यांच्याबरोबर जेवायचे आणि त्या दोन शब्दांबद्दल एक अक्षर बोलायचे नाही. आठ महिने.

तर तू मला भीती घातलीस. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या अंबिकाने विचारलं, "काय गं, बरी आहेस ना? डोळे बघ कसे झालेत." तिच्या हातात फायलींचा गठ्ठा होता आणि अशाच एका फायलीत तो मूळ फॉर्म असणार, हे माझ्या लक्षात आलं. माझ्या खालच्याच मजल्यावर, विभागाच्या कपाटात. मी पुराव्यासाठी बाबांच्या डायरीमागे लागले होते. डायरीची गरजच नाही. शेरा खोटा आहे हे लिहिणारीने सांगितलं की पुरे, आणि लिहिणारी मी आहे.

तू पाठवलेल्या चिठ्ठीबद्दल आभार. तुझ्या अक्षरात लिहून दिलंयस की फॉर्म तू बघितला होतास.

अकरा दिवस राहिले.

क्षितिजा

मीरा रोड,
शनिवार, २९ मार्च

दादा,

तू हॉलमध्ये होतास, तरी लिहितेय. तू बहुतेक वेळ मोबाइलकडे बघत होतास.

माझा नंबर एकोणिसावा होता. मी माइकचा दांडा धरून ठेवला. कागदावर चारच वाक्यं होती. मी ती घरी सतरा वेळा मोठ्याने वाचली होती. आरशासमोर नाही, मिक्सर लावून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही विभागातच आहात ना? मग तुम्ही हरकत कशी घेता?"

मी म्हटलं, "मोजणीच्या वेळी मी कंपनीत होते, साहेब. फॉर्मवरचा शेरा मी लिहिला. तो खोटा आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कोणीतरी हिंदीत ओरडलं, "जोर से बोलो मॅडम, सुनाई नहीं दे रहा!" म्हणून मी पुन्हा बोलले, जोरात. सणाचे नऊ दिवस, जादा पाणी, तुझा फोन, एप्रिलचं आश्वासन. तुझं नाव पदासकट घेतलं. तुझ्या आधी माझं घेतलं.

तेव्हा तू पहिल्यांदा वर बघितलंस. उठून गोड आवाजात म्हणालास, "साहेब, ही माझी बहीण आहे. घरगुती वाद आहे, त्याचा इथे संबंध नाही."

मी म्हटलं, "हो साहेब, सख्खी बहीण. म्हणूनच मला सगळं माहीत आहे."

लोक हसले. तुझ्या कानांचा रंग बदलला. लहानपणी तुला पकडलं की असाच बदलायचा. मी किती दिवस त्याची वाट बघत होते, ते मला तेव्हा समजलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

तू निघून गेल्यावर चौकच्या बायका उठल्या. टेरेझा मावशींनी माइक घेतला नाही, त्यांना लागत नाही. "साहेब, पुन्यांदा मोजा. पन सणात न्हाय. आनी ज्यानं मोजलं त्यालाच आना. हितं बसवा. पानी येईपर्यंत उठू देऊ नका!" साहेबांनी लिहून घेतलं. अहवाल राखून ठेवला आहे. फेरमोजणी ईस्टर झाल्यावर, साध्या दिवसांत, सल्लागाराने स्वतः हजर राहून, गावकऱ्यांच्या सह्यांसह. 'स्वतः' या शब्दाचा आग्रह मी धरला. तुझ्या ज्युनिअरला पाठवता येणार नाही.

माझं कंत्राट ३१ मार्चला संपतंय. वाढवणार नाहीत, काल तोंडी सांगितलं. खोटा शेरा लिहिणारी बाई खात्यात कशी ठेवणार? बरोबरच आहे.

बाबांना त्यांच्या जुन्या सोबत्याने फोन करून सांगितलं. मी घरी आले तेव्हा ते जेवत होते. ताटावरून उठले. आई म्हणाली, "अहो, भात तरी संपवा." ते म्हणाले, "तिला वाढ. ती दमून आलीय."

क्षितिजा

मीरा रोड,
रविवार, ४ मे

दादा,

हे शेवटचं.

फेरमोजणीच्या नऊ दिवसांत तीन वेळा पाणी आलं आणि तिन्ही वेळा तू होतास. मी पलीकडे, मासळी सुकवायच्या काठ्यांपाशी उभी होते. तू मला बघितलंस. पहिल्या दिवशी तू गाडी चालू ठेवून आत एसीत बसायला निघालास. टेरेझा मावशींनी काचेवर टकटक केलं. "साहेब, यंत्र बाहेर हाय. तुमी आत बसून काय मोजता?" मग तू उन्हात आलास, आणि त्यांनी तुला बसायला पालथा हंडा दिला.

पहिल्या वेळी अकरा मिनिटं हवा, मग तेरा मिनिटं पाणी. दुसऱ्या वेळी एकूण एकवीस. तिसऱ्या वेळी शेवटच्या नळापर्यंत पाणी पोचलंच नाही. तू लॉगर तपासलास, वायर तपासलीस, पुन्हा तपासलीस. एका म्हाताऱ्याने विचारलं, "यंत्र बिघडलं काय?" तू मान हलवलीस. मग त्या मोजणीखाली सही केलीस, आणि तुझ्या सहीखाली सतरा बायकांनी सह्या केल्या. सहा जणींनी अंगठे लावले.

जाताना तू टेरेझा मावशींकडे प्यायला पाणी मागितलंस. त्यांनी तांब्या दिला. तू घोटभर पिऊन उरलेलं पायरीजवळ ओतायला गेलास, तेव्हा त्यांनी तुझं मनगट धरलं. तुला सगळं प्यावं लागलं. मी ते बघितलं. मला वाटलं होतं एवढं बघितलं की माझं समाधान होईल. झालं नाही.

शुक्रवारी आदेश निघाला. चौकची वाहिनी पहिल्या टप्प्यात घेतली आहे, हायवेच्या वाहिनीच्या आधी. तुझ्या कंपनीचं नाव यादीतून काढलं. तुला घरी बसवलंय, असं अंबिकाकडून कळलं. मला दहिसरला एका पंपवाल्याकडे काम मिळालंय, पगार निम्मा. तक्रार नाही.

बाबांवरचा शेराही रद्द झाला. तसं पत्र आलं. मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाकीट उघडलं नाही. पेपराखाली सारलं आणि विचारलं, "कौस्तुभचं काय झालं?"

तेव्हापासून रोज विचारतात. मला सरळ नाही विचारत, माझ्याशी ते फारसं बोलत नाहीत. आईला विचारतात, मला ऐकू जाईल असं. "त्याचा फोन आला होता का? जेवतो का नीट? त्याला म्हणावं, इकडे ये." आई माझ्याकडे बघते. मी म्हणते, मला माहीत नाही.

हे खोटं आहे. परवा तुझा फोन आला होता. दोन वर्षांनी पहिल्यांदा, आणि मी उचलला. तू म्हणालास, मला येऊन बाबांची माफी मागायचीय. मी काही न बोलता ठेवला. उत्तर विचार करून लिहायचं होतं.

येऊ नकोस, दादा. तू दारात उभा राहिलास की ते तुला वाक्यसुद्धा पूर्ण करू देणार नाहीत. पाट मांडतील, आईला शिरा करायला सांगतील. त्यांची माफी तुला पाच मिनिटांत मिळेल, हे मला माहीत आहे. ती तुला मिळू द्यायची नाही, एवढंच आता माझ्या हातात आहे. घरी दिवसभर आई असते, पण मला विचारल्याशिवाय तीही तुला दार उघडणार नाही, आणि फोन मी उचलते.

चौकची वाहिनी पूर्ण व्हायला दोन वर्षं लागतील असं आदेशात लिहिलंय. साध्या दिवशी, सण नसताना, शेवटच्या नळाला पाणी आलं की ये. त्याआधी आलास तर मी त्यांना तू आल्याचं सांगणार नाही.

बाबा बासष्टीत आहेत. गेल्या आठवड्यापासून जिना चढताना मध्येच थांबतात. हे तुला कळवणं मला आवश्यक वाटलं.

क्षितिजा